खेळायचं मोठ्यांनीही, पण कधी, कुठे आणि कसं?

'ताण आलाय? एखादा छंद लावून घ्या,' हा सल्ला डॉक्टरांपासून व्याह्यांपर्यंत सगळेच देतात. पुढचं मात्र कोणी सांगत नाही. वरणगाव परिसरातल्या लोकांशी बोलताना त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा कानावर येतात. फॅक्टरीतली पाळी संपवून किंवा भुसावळ-जळगावचं अपडाऊन करून घरी आल्यावर अंगात त्राण उरत नाही, मग खेळायचं कधी? चाळिशी उलटल्यावर मैदानात उतरलो तर लोक हसणार नाहीत का? चित्रकलेत शाळेपासूनच बोंब, आता काय जमणार? मोबाइलवर गेम खेळतो, ते चालतं का? आणि दिवसभर केळीच्या बागेत राबणाऱ्याला आणखी खेळाची गरज ती काय?

हा लेख रोजच्या ताणाबद्दल आहे. बदलत्या पाळ्या, कर्जाचे हप्ते, मुलांचे मार्क, बाग कापणीला आलेली असताना व्यापाऱ्याने लावलेला उशीर, घरात कोणाचं कोणाशी न पटणं, अशा ताणाबद्दल. आजाराच्या पायरीवर गेलेला ताण वेगळा. त्याचं पुढे सांगितलं आहे.

आधी थकवा कसला, ते ओळखा

सगळ्यांना एकच खेळ सांगण्यात अर्थ नाही. पोतं उचलून आलेल्या माणसाला 'जरा चालून या' म्हणणं ही थट्टा झाली. म्हणून आधी स्वतःला विचारा, थकलंय काय?

- डोकं थकलंय, अंग नाही. शिक्षक, कारकून, दुकानदार, हिशेब सांभाळणारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे. तुम्हाला घाम काढणारा खेळ हवा. बॅडमिंटन, दोरीच्या उड्या, गल्लीतल्या पोरांबरोबर चार षटकं, सायकल. बुद्धिबळ तुमच्यासाठी नाही, निदान संध्याकाळी तरी नाही.
- अंग थकलंय, डोकं कोरडं पडलंय. यंत्रावर उभे राहणारे, शेतात राबणारे, धुणी-भांडी आणि स्वयंपाकात दिवस घालवणाऱ्या. तुम्हाला बसून खेळायचा, हाताने करायचा किंवा गळ्याने गायचा प्रकार हवा.
- दोन्ही ठीक आहे, पण माणूस एकटा पडलाय. निवृत्त झालेले, मुलं पुण्याला गेलेले आई-वडील, नव्याने सासरी आलेली मुलगी. तुम्ही रंगाची वही आणून एकट्याने बसू नका. तुम्हाला सोबत पाहिजे. खेळ कोणताही चालेल.
- घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल आहे. तुम्हाला आधी झोप पाहिजे. कोणी दोन तास सांभाळतो म्हणालं तर झोपा. खेळ नंतर.

खेळ कशाला म्हणायचं?

दोन प्रश्न पुरेत. हरलो तर काय जातं? आणि मनात आलं की थांबता येतं का?

हरल्यावर पैसे जात असतील, चार लोकांत मान जात असेल किंवा मुलाचं मेरिट जात असेल, तर ते कामच झालं. पोलिस भरतीसाठी पहाटे हायवेच्या कडेने धावणाऱ्या मुलांचं धावणं हा खेळ नव्हे. ती परीक्षा आहे. त्या मुलांनाही वेगळा खेळ लागतो, हे घरच्यांनी लक्षात घ्यावं.

मोबाइलचं उत्तरही याच दोन प्रश्नांत आहे. तिघं-चौघं एका मोबाइलभोवती बसून लुडो खेळत असतील तर खुशाल खेळा, त्यात वाईट काही नाही. पण रील्सना शेवटच नसतो. डाव संपत नाही, म्हणून सुटकाही होत नाही. अर्ध्या तासाने मान वर केल्यावर हलकं वाटलं की चिडचिड वाढली, एवढं स्वतः पाहा.

वेळ कुठून काढायची?

रोज वीस मिनिटं पुरतात. प्रश्न वीस मिनिटांचा नसून ती कशाला बांधायची याचा आहे.

- पाळीवाले: घड्याळाला बांधू नका, पाळी बदलली की बेत कोसळतो. 'झोपून उठल्यावर, चहानंतर' असं बांधा. मग रात्रपाळी असो की पहिली, क्रम तोच राहतो. रात्रपाळीहून आल्या आल्या धावपळीचा खेळ नको, झोप उडते.
- अपडाऊनवाले: घरी पोचून वेळ काढण्यापेक्षा गाडीतलाच वापरा. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं हे याचंच मोठं रूप. आपल्याकडे गाडीतला वेळ कमी, पण गाण्याच्या भेंड्या, कोडी किंवा वहीत चार रेघा ओढणं त्यात सहज बसतं. शेजारच्याला विचारून आवाज चढवा. सगळ्यांनाच गाणं हवं असतं असं नाही.
- शेतकरी: मोटारीला रात्रीची लाईट असेल तर दुपारची सावलीतली विश्रांती तुमची. तेव्हाच डाव मांडा. रात्री मळ्यात एकटे असाल तर गाणं म्हणा. विहिरीजवळ आणि मोटारीजवळ बाकी काही करू नका.
- घर सांभाळणाऱ्या: तुमची वेळ सगळ्यात आधी चोरीला जाते, तीही हक्काने. घरात बसून ती राखता येत नसेल तर बाहेर पडा. शेजारणीच्या ओट्यावर जा. 'साडेचार ते पाच मला हाक मारायची नाही' हे एकदा मोठ्याने सांगा आणि पहिले आठ दिवस ते पाळून घ्या. त्या अर्ध्या तासात घरात काही पेटत नाही.

ऋतूचं भान ठेवा. भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणं नवीन नाही. मार्च ते जून मैदानी खेळ पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच. दुपारी दार लावून बैठे खेळ. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर धावपळीच्या खेळाआधी डॉक्टरांना विचारा. वीस वर्षांनी बॅट हातात घेणाऱ्याने पहिल्याच रविवारी चोरटी धाव घेऊ नये. मांडीचा स्नायू दुखावला की खेळ महिनाभर बंद पडतो.

फरशीवर खडूने: चल्लस-आठ

विकत काही आणायचं नसेल तर याच्याइतका सोयीचा खेळ नाही. सारीपाटाच्या घराण्यातला, पण लहान. घरोघरी नियम थोडे बदलतात, म्हणून खेळण्याआधी आपसांत ठरवून घ्या. साधारण पद्धत अशी:

१. फरशीवर खडूने पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस घरांचा चौकोन आखा. चारही बाजूंचं मधलं घर आणि अगदी मधोमधचं घर, अशा पाच घरांत फुली मारा.
२. चार चिंचोके मधून फोडून त्यांच्या चार फाका घ्या. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. कवड्या असतील तर उत्तमच.
३. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. फुटक्या बांगडीचे तुकडे, खडे, शेंगांची टरफलं, काहीही चालेल. एकाची दुसऱ्यासारखी दिसली नाही म्हणजे झालं. आपल्या बाजूच्या फुलीच्या घरातून सुरुवात.
४. फाका टाका. जितक्या पांढऱ्या वर, तितकी घरं पुढे. चारही पांढऱ्या म्हणजे चार, चारही तपकिरी म्हणजे आठ. या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं.
५. बाहेरच्या घरांवरून पूर्ण फेरी, मग आतल्या घरांवरून उलट फेरी आणि शेवटी मधलं घर. फुली नसलेल्या घरात दुसऱ्याची सोंगटी सापडली की ती मारायची. ती परत घरी जाते. एकदा तरी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही.

या शेवटच्या नियमातच खरी गंमत आहे. नुसतं जपून खेळणारा बाहेरच घिरट्या घालत राहतो. कधीतरी सासूची सोंगटी मारावीच लागते, आणि ती मारल्यावर घरात जे हसू फुटतं ते कुठल्याही सल्ल्याने फुटत नाही. चौघांत मिळून डाव तासाच्या आत संपतो. आजी-आजोबा आणि नातवंडं यांना बरोबरीने खेळता येतं, कारण निम्मं नशीब आहे. ताणात असलेल्या माणसाला शुद्ध बुद्धीचा खेळ पेलत नाही. तिथे हरलं की दोष आपलाच असतो. चिंचोक्याला शिव्या देता येतात.

हाताने काही करायचं असेल तर

'मला येत नाही' हे कारण इथे चालत नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना पाऊण तास माती, रंग, कागद देऊन हवं ते करायला सांगितलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते कमी झालं. आधी कलेचा अनुभव असल्या-नसल्याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण 'जमत नसेल तर उपयोग नाही' ही भीती काढून टाकायला तो पुरेसा आहे.

आणि आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जातं, चूल, शेत या कामांतच ओव्या सुचत, त्या त्यांनी म्हटल्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी काही उतरवून ठेवल्या, म्हणून राहिल्या. पुस्तक निघालं १९५२ साली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरातच गेल्या होत्या. छापून येणं, टाळ्या, बक्षीस यांतलं काहीच त्या ओव्यांमागे नव्हतं. आपणही करताना एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

सुरुवात कशाने करायची?

- माती. पोळ्याला बैल विकत आणण्याऐवजी घरी करा. शिंगं वाकडी झाली तर होऊ द्या.
- गोधडी. जुन्या लुगड्याचे तुकडे जोडताना हात चालतो आणि डोकं शांत होतं. पुरुषांनीही शिवायला हरकत नाही. सुई बाई-पुरुष ओळखत नाही.
- सुतारकाम, दुरुस्ती. फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांच्या हातात जी सफाई असते ती वाया जाऊ देऊ नका. नातवाचा लाकडी गाडा बनवा.
- लिहिणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात एक साधी पद्धत तपासली: मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, शुद्धलेखनाचा विचार न करता लिहायचं. लिहिलेलं फाडून टाकलं तरी चालतं. आपल्या लेवा बोलीत किंवा अहिराणीत लिहा. राग प्रमाण मराठीत नीट उतरत नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर लगेच हे करू नका, जखम ताजी असताना त्रास वाढू शकतो.

केलेल्या वस्तूचा फोटो लगेच स्टेटसला टाकायचा मोह आवरा. टाकला की अंगठे मोजणं सुरू होतं आणि तुम्ही पुन्हा परीक्षेला बसता.

चारचौघांत खेळायला निमित्त लागतं. ते आपल्याकडे आहे

मोठ्यांनी खेळावं ही कल्पना खानदेशाला कोणी नव्याने शिकवायला नको. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी लिंबाच्या झाडाला झोका बांधतात आणि गाणी म्हणतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसते. हिवाळ्यात मळ्यात भरिताची पार्टी होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना कोणाच्या अंगावर राख उडाली यावर अर्धा तास हसण्यात जातो. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न या दिवसांत कोणी विचारत नाही. म्हणून नवा उपक्रम सुरू करायचा असेल तर सणाला धरून करा.

गुलाबाईतला खाऊ ओळखायचा खेळ पाहा. झाकण घट्ट लावलेला डबा घरची बाई हातात धरते आणि हलवते. पोरी कान देतात. खुळखुळ आली तर फुटाणे, दबका आवाज आला तर लाडू, काहीच आवाज नाही तर मग शिरा? 'तिखट की गोड?' असे प्रश्न सुरू होतात. हुशार बाई डब्यात खाली कापड घालून आवाज फसवते. ओळखू आला नाही की तिची कॉलर ताठ. हा खेळ वर्षभर का चालू नये? महिला मंडळाच्या, बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं डबा फिरवा. दर वेळी दुसरीची पाळी. खर्च मूठभर दाण्यांचा.

पुरुषांसाठी भजनी मंडळ हा अजूनही सगळ्यात सोपा मार्ग आहे. आवाज बरा नसेल तर टाळ घ्या. मात्र रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे; भजनाला त्यातून सूट नाही. आणि खरं सांगायचं तर पंधरा माणसांच्या भजनाला माईक लागतो कशाला?

इथे पाय घसरतो

- पैशांचे ऑनलाइन खेळ. रमी, सट्टा, 'टीम लावा'वाले अॅप. ताण घालवायला सुरू केलेला हा प्रकार ताणाचं सगळ्यात मोठं कारण होतो. केंद्राने २०२५ साली कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. बंदी खेळ चालवणाऱ्यांवर, त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आणि त्यांचे व्यवहार करून देणाऱ्यांवर आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे पैसे गेले असतील तर लपवू नका, घरात सांगा. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम मिळण्याची आशा कमी.
- आखाजीचा डाव. 'सणापुरता' म्हणून पत्त्यांवर पैसे लावायची पद्धत आपल्याकडे आहे, हे झाकून काय उपयोग? सणापुरता म्हणणारे पुढे पोळ्यालाही बसतात. पत्ते खेळा, दाणे लावा, चिंचोके लावा.
- मुलांचा छंदवर्ग. शाळा, क्लास, मग छंदवर्ग, त्याचीही परीक्षा आणि प्रमाणपत्र. यात मुलाचा ताण कुठे उतरला? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ मध्ये विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क मान्य केला आहे. भारताने १९९२ साली ती स्वीकारली. तो हक्क मोकळ्या खेळाचा आहे. शिकवणीचा नाही.
- सामान आधी, खेळ नंतर. महागडी रॅकेट, रंगांचा मोठा संच, हार्मोनियम. पहिले दोन महिने उसनं मागा.

खेळाने भागत नसेल तर

दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडीच्या कशातच मन रमत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर खेळावर भिस्त ठेवू नका. असा माणूस घरात असेल तर 'चल, जरा पत्ते खेळू' एवढ्यावर थांबू नका. त्याला एकटं सोडू नका; फवारणीची औषधं कुलपात ठेवा.

- टेलि-मानस, क्रमांक १४४१६. सरकारी, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.
- सरकारी उपचार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.
- गुप्तता आणि विमा. उपचारांची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावं असं हाच कायदा सांगतो. दावा नाकारला तर कारण लेखी मागा.
- आत्महत्येचा प्रयत्न. पोलिस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो. उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

जागा मागा, ती तुमचीच आहे

'खेळायला जागाच नाही' ही तक्रार बहुतेक नव्या कॉलन्यांत ऐकू येते. जागा पुष्कळदा असते. तिथे वाळूचा ढीग, कोणाची म्हैस किंवा काटेरी झुडपं असतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना किमान १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपण जिला 'ओपन स्पेस' म्हणतो ती हीच. ती प्लॉट पाडणाऱ्याने मागाहून विकायची नसते.

तुमच्या कॉलनीत ती कुठे आहे हे शोधायचं असेल तर:

१. खरेदीखत काढा आणि गट नंबर, प्लॉट नंबर पाहून ठेवा.
२. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात मंजूर रेखांकनाची प्रत मागा. गाव ग्रामपंचायतीत असेल तर आधी तिथे विचारा.
३. तोंडी टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.
४. नकाशा हाती आला की जागेवर जाऊन मोजा आणि फोटो काढा. अतिक्रमण असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, कॉलनीतल्या जितक्या सह्या मिळतील तितक्या घेऊन अर्ज द्या. भांडायला म्हैसवाल्याच्या दारात जाऊ नका; ते काम नगरपरिषदेचं आहे.

शाळेचं मैदान हा दुसरा पर्याय. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान सक्तीचं केलं आहे. पण शाळा सुटल्यावर ते गावाला वापरू द्यावं अशी सक्ती नाही. म्हणून मुख्याध्यापकांना एकटं गाठण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीपुढे लेखी विनंती ठेवा. कोणत्या वेळेत खेळणार, कुलूप कोण लावणार, काच फुटली तर भरून कोण देणार, हे तिन्ही मुद्दे अर्जातच लिहा. नकार बहुधा याच तिन्हींवरून येतो.

अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.